रोमन साम्राज्यकालीन रौप्य नाण्यांची ओळख : नाणेलेख, धातू आणि कालनिर्णय

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांत नाण्यांचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. ताम्रपट किंवा शिलालेख एकदाच कोरला जातो. नाणे मात्र राजसत्तेच्या आज्ञेने हजारोंच्या संख्येने पाडले जाते, हातोहात फिरते आणि आपल्या जन्मस्थानापासून शेकडो कोस दूर जमिनीत गाडले जाते. रोमन साम्राज्याची रौप्य नाणी ब्रिटनपासून सीरियापर्यंत आणि सागरी व्यापारामुळे दक्षिण भारतापर्यंत सापडतात. ‘दीनार’ हा आपल्याकडील जुन्या वाङ्मयात व कोरीव लेखांत आढळणारा शब्दही ‘दिनारियस’ या रोमन नाण्याच्या नावावरूनच आला आहे.

अशा नाण्याची ओळख पटविणे म्हणजे केवळ त्यावरील सम्राटाचे नाव सांगणे नव्हे. नाणे कोणत्या प्रकारचे आहे, कोणाच्या आज्ञेने, कोणत्या वर्षी व कोणत्या टांकसाळीत पाडले गेले, ते अस्सल आहे की अनुकरण, या सर्व प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच ओळख पूर्ण होते. यातील एक उत्तर चुकले तर त्या नाण्याच्या आधारे ठरविलेला उत्खननातील थराचा काळही चुकतो. म्हणून या शास्त्रातील अचूकता ही संग्राहकाची हौस नसून इतिहासलेखनाची गरज आहे. प्रस्तुत लेखात ही ओळख कोणत्या क्रमाने व कोणत्या पुराव्यांच्या आधारे केली जाते याचे विवेचन केले आहे. नाण्यांवरील लॅटिन अक्षरे येथे देवनागरीत दिली असून संक्षेप दाखविण्यासाठी पूर्णविराम वापरले आहेत.

पहिली पायरी : नाण्याचा प्रकार

नाणे हाती आल्यावर प्रथम त्यावरील लिपी पाहावी. रोमन साम्राज्याच्या मध्यवर्ती चलनावर लॅटिन लेख असतो. सम्राटाचे मुख असूनही लेख ग्रीक असेल, तर ते नाणे बहुधा अँटिओक, अलेक्झांड्रिया किंवा कॅपाडोशियातील सीझरिया यांसारख्या पूर्वेकडील शहरांच्या प्रांतिक चलनातील असते. त्याचे वजनमान व कालगणना वेगळी असल्याने त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

त्यानंतर आकार, वजन आणि सम्राटाच्या मस्तकावरील आभूषण यांवरून प्रकार ठरतो. दिनारियस हे नाणे इ.स.पू. २११ च्या सुमारास, म्हणजे प्रजासत्ताकाच्या काळात, सुरू झाले आणि साम्राज्याच्या पहिल्या अडीच शतकांत तेच प्रमुख रौप्य नाणे राहिले. त्याचा व्यास साधारणपणे १७ ते २० मिलिमीटर असतो आणि सम्राटाच्या मस्तकावर बहुधा लॉरेल वृक्षाच्या पानांचा मुकुट दिसतो. एक सुवर्ण ऑरियस म्हणजे २५ दिनारियस आणि एक दिनारियस म्हणजे ४ सेस्टर्शियस असे ऑगस्टसच्या काळातील प्रमाण होते. दिनारियसच्या निम्म्या किमतीचे क्विनारियस हे लहान रौप्य नाणेही अधूनमधून पाडले जात असे.

इ.स. २१५ मध्ये कॅराकॅला या सम्राटाने एक मोठे नाणे प्रचारात आणले. त्याला आज अँटोनिनियानस म्हणतात. ही संज्ञा आधुनिक अभ्यासकांची असून त्याचे तत्कालीन नाव निश्चित नाही. या नाण्यावर सम्राटाच्या मस्तकाभोवती सूर्यकिरणांसारख्या टोकदार अणकुचींचा मुकुट असतो, तर सम्राज्ञीचे मुख चंद्रकोरीवर ठेवलेले दिसते. किरणमुकुट हे दुप्पट मूल्याचे चिन्ह मानले जाते. तथापि हाच मुकुट त्यापूर्वीच्या दुपाँडियस या पितळी नाण्यावरही आढळतो, म्हणून केवळ मुकुट पाहून निर्णय करू नये.

डायोक्लिशनने इ.स. २९४ च्या सुमारास आर्जेंटियस नावाचे शुद्ध चांदीचे नाणे काढले. त्यापैकी काहींवर रोमन अंकांत ९६ ही संख्या असते. एका रोमन पौंडातून अशी ९६ नाणी पाडली जात, हा तिचा अर्थ. चौथ्या शतकात सिलिक्वा या नावाने ओळखली जाणारी पातळ रौप्य नाणी प्रचारात आली आणि त्यांवर सम्राटाच्या मस्तकी मोत्यांची किंवा रत्नांची पट्टी दिसू लागली. लॉरेल मुकुट, किरणमुकुट आणि रत्नपट्टी एवढ्या तीन आभूषणांवरूनही नाण्याचा स्थूल काळ लक्षात येऊ शकतो.

दुसरी पायरी : नाणेलेखाचे वाचन

रोमन नाण्याचा खरा जन्मदाखला म्हणजे त्यावरील लेख. तो बहुधा डाव्या बाजूला खालून सुरू होतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कडेकडेने फिरतो. शब्दांमध्ये अंतर असेलच असे नाही. आजच्या ‘यू’ या अक्षराच्या जागी ‘व्ही’ हेच अक्षर असते. जागा अपुरी असल्याने पदव्या संक्षिप्त रूपात येतात, आणि त्या ओळखल्या की लेख उलगडू लागतो.

‘इंप.’ म्हणजे इम्परेटर, सेनापती किंवा सम्राट. ‘सीझ.’ म्हणजे सीझर. हे प्रथम घराण्याचे नाव होते, पुढे ती पदवी झाली आणि नंतरच्या काळात केवळ ‘सीझर’ ही पदवी युवराजाचा निर्देश करू लागली. ‘ऑग.’ म्हणजे ऑगस्टस, सर्वोच्च सत्ताधारी. ‘पी. एम.’ म्हणजे पाँटिफेक्स मॅक्सिमस, प्रमुख धर्माधिकारी. ‘पी. पी.’ म्हणजे पाटेर पाट्रिए, राष्ट्रपिता. ‘डिवी एफ.’ म्हणजे देवत्व पावलेल्याचा पुत्र. ‘जर्म.’, ‘डाक.’, ‘पार्थ.’ ही जर्मन, डेशियन व पार्थियन यांच्यावरील विजयांची बिरुदे होत.

कालनिर्णयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची पदे दोन. ‘टीआर. पी.’ म्हणजे ट्रिब्युनिशिया पोटेस्टास, लोकप्रतिनिधी ट्रिब्यूनचे अधिकार. हे अधिकार सम्राटाला दरवर्षी नव्याने मिळत आणि त्यापुढे वर्षाचा क्रमांक लिहिला जाई. पहिल्या शतकात प्रत्येक सम्राटाचे हे वर्ष वेगवेगळ्या तारखेला सुरू होत असे, तर दुसऱ्या शतकात ते १० डिसेंबरला बदलण्याची पद्धत रूढ झाली. दुसरे पद ‘कॉस.’, म्हणजे कॉन्सुल. सम्राट दरवर्षी कॉन्सुल होत नसे. म्हणून एखादा कॉन्सुल-क्रमांक अनेक वर्षे नाण्यांवर कायम राहतो. पहिले पद नेमके वर्ष दाखविते, तर दुसरे काळाची चौकट आखून देते.

ट्रेजनच्या नाण्यांवरून ही पद्धत स्पष्ट होईल. त्याला डाकिकस हे बिरुद इ.स. १०२ मध्ये मिळाले. तो पाचव्यांदा कॉन्सुल झाला इ.स. १०३ मध्ये आणि सहाव्यांदा इ.स. ११२ मध्ये. म्हणजे ज्या नाण्यावर ‘डाक.’ आणि ‘कॉस.’पुढे पाचचा अंक आहे ते इ.स. १०३ ते १११ या काळातील ठरते. रोममधील ट्रेजनचा प्रसिद्ध विजयस्तंभ ज्या दिनारियसवर दाखविला आहे त्यावर सहाव्या कॉन्सुलपदाचा उल्लेख आहे. हा स्तंभ इ.स. ११३ मध्ये अर्पण झाला. इ.स. ११४ मध्ये ‘ऑप्टिमस’ ही उपाधी सम्राटाच्या नावाचाच भाग झाली आणि दर्शनी बाजूच्या लेखात दिसू लागली. स्तंभाच्या या नाण्याच्या दर्शनी लेखात ती नसल्यास ते ११४ पूर्वीचे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘सर्वोत्तम प्रमुखास’ या अर्थाचे ‘ऑप्टिमो प्रिंसिपी’ हे शब्द त्या आधीपासून नाण्याच्या मागील बाजूस येत होते. म्हणून एखादा शब्द नाण्यावर आहे एवढे पुरेसे नाही. तो कोणत्या बाजूस आहे हेही नोंदवावे लागते.

अंक वाचताना आणखी एक अडचण येते. रोमन नाण्यांवर चार हा अंक बहुधा चार उभ्या रेघांनी लिहिला जातो. ठसा चकतीवर नीट मध्यभागी बसला नसेल किंवा कड झिजली असेल, तर अखेरची रेघ नाहीशी होते आणि चौथे कॉन्सुलपद तिसरे भासते. अशा वेळी ‘किमान तीन’ अशी नोंद करणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

तिसरी पायरी : सम्राटाचे मुखचित्र

नवख्या अभ्यासकाचे लक्ष प्रथम चेहऱ्याकडे जाते. चेहरा उपयोगी आहे, पण तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. हेड्रिअनच्या (इ.स. ११७–१३८) पूर्वीचे सम्राट सामान्यतः दाढीविना दाखविले आहेत. हेड्रिअनपासून दाढी रूढ झाली आणि कॉन्स्टंटाइनच्या काळात पुन्हा गुळगुळीत चेहरा आला. नीरोची जाड मान, व्हेस्पेशियनचा रुंद व सुरकुतलेला चेहरा, सेप्टिमियस सेव्हेरसची लांब दुभंगलेली दाढी ही वैशिष्ट्ये सहज ध्यानात राहतात. सम्राज्ञींच्या नाण्यांत केशरचना हा महत्त्वाचा दुवा असतो, कारण ती पिढीगणिक बदलत गेली.

परंतु मुखचित्र हे राजसत्तेने मान्य केलेले चित्र असते. ऑगस्टस वयाच्या शहात्तराव्या वर्षी मृत्यू पावला, तरी नाण्यांवर तो अखेरपर्यंत तरुणच दिसतो. सत्तांतर झाल्यावर आरंभीच्या नाण्यांवर नव्या सम्राटाचा चेहरा काही काळ जुन्या सम्राटासारखा येतो, कारण दूरच्या टांकसाळीतील ठसेकाराने नव्या सम्राटाला पाहिलेले नसते. शिवाय मुखचित्र असलेली व्यक्ती त्या वेळी हयात असेलच असे नाही. ‘दिवुस’ किंवा ‘दिवा’ हे शब्द आणि मागील बाजूस ‘कॉन्सेक्राशिओ’ असा लेख असेल, तर नाणे मृत्यूनंतर देवत्व दिल्याचे स्मारक असते. अँटोनायनस पायसची पत्नी थोरली फाउस्टिना इ.स. १४० च्या सुमारास मरण पावली. तिच्या नावाची पुष्कळशी रौप्य नाणी त्यानंतरची आहेत.

चौथी पायरी : मागील बाजूचे चित्र

मागील बाजूस देवदेवता, मूर्तिमंत सद्गुण, इमारती, विजयचिन्हे किंवा राजकुटुंबातील व्यक्ती असतात. मूर्तीच्या हातातील वस्तूवरून तिची ओळख पटते. ऑलिव्हची डहाळी शांतिदेवता पाक्स हिची. सुकाणू व धान्यफळांनी भरलेले शिंग फॉर्तुना या भाग्यदेवतेचे. सर्पाला भरविणारी ती सालुस, आरोग्यदेवता. पंख व पुष्पचक्र धारण करणारी विक्टोरिया. परंतु तराजू आणि समृद्धिशिंग घेतलेली स्त्री एक्विटास म्हणजे न्याय्यता असू शकते, किंवा मोनेटा म्हणजे टांकसाळीची अधिष्ठात्री देवताही असू शकते. दोघींची आयुधे एकच आहेत. निर्णय लेखानेच होतो. लेख झिजला असेल तर दोन्ही शक्यता नमूद करणे योग्य.

पाचवी पायरी : वजन आणि कस

लेख व चित्र यांवरून काढलेला निष्कर्ष धातूच्या कसोटीवर तपासावा लागतो. ऑगस्टसच्या काळी एका रोमन पौंडातून ८४ दिनारियस पाडले जात, म्हणजे प्रत्येकाचे वजन सुमारे ३.९ ग्रॅम येई आणि चांदी जवळजवळ शुद्ध असे. नीरोने इ.स. ६४ मध्ये पौंडामागे ९६ नाणी असा दर केला, त्यामुळे वजन सुमारे ३.४ ग्रॅमवर आले. अलीकडील रासायनिक परीक्षणांनुसार चांदीचे प्रमाणही त्या वेळी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत उतरले. पुढे काही सम्राटांनी कस वाढविला, काहींनी घटविला. परंतु एकंदर दिशा उताराची होती. सेप्टिमियस सेव्हेरसने इ.स. १९४ मध्ये चांदी निम्म्याच्या आसपास आणली. अँटोनिनियानसचे मूल्य दोन दिनारियस धरले गेले असावे. पण त्यातील चांदी जेमतेम दीड दिनारियसएवढीच होती. गॅलिएनस व दुसरा क्लॉडियस यांच्या काळात, इ.स. २६० ते २७० च्या दशकात, हे नाणे चांदीचा पातळ मुलामा दिलेले तांबेच झाले. ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये सुधारणा केली, तरी चांदीचे प्रमाण सुमारे ५ टक्केच राहिले.

या इतिहासाचा ओळखीसाठी थेट उपयोग होतो. पूर्ण स्थितीतील ३.८ ग्रॅमचे दिनारियस नीरोच्या सुधारणेपूर्वीचे असण्याची शक्यता अधिक. मात्र झिजेने वजन घटते, म्हणून कमी वजन हा एकटा पुरावा पुरेसा नाही.

कस तपासताना नाण्याला इजा होता कामा नये. पाण्यात तोलून विशिष्ट गुरुत्व काढणे ही जुनी व सुलभ पद्धत होय. चांदीची घनता प्रति घनसेंटिमीटर १०.४९ ग्रॅम, तर तांब्याची ८.९६ ग्रॅम आहे. ३.९ ग्रॅमचे शुद्ध चांदीचे नाणे पाण्यात सुमारे ०.३७ ग्रॅमने हलके भरते; त्याच वजनाच्या, निम्मे तांबे असलेल्या नाण्यात ही घट सुमारे ०.४० ग्रॅम येते. फरक केवळ तीन शतांश ग्रॅमचा आहे. म्हणून ग्रॅमचा शतांश दाखविणारा तराजू येथे अपुरा पडतो. सहस्रांश दाखविणारा लागतो. क्ष-किरण प्रतिदीप्ती पद्धतीने धातू क्षणात कळतो. परंतु ती पद्धत केवळ पृष्ठभाग पाहते. टांकसाळीतील प्रक्रियेमुळे आणि जमिनीतील क्षरणामुळे पृष्ठभागावरील तांबे निघून जाते आणि तेथे चांदी अधिक दिसते. त्यामुळे पृष्ठभागावरील आकडा संपूर्ण नाण्याचा कस म्हणून स्वीकारता येत नाही.

एकाच नावाचे चार सम्राट

वरील सर्व पुरावे एकत्र कसे आणावेत हे ‘अँटोनायनस’ या नावावरून चांगले समजते. हे नाव किमान चार सम्राटांच्या नाण्यांवर येते : अँटोनायनस पायस (इ.स. १३८–१६१), मार्कस ऑरेलियस (इ.स. १६१–१८०), कॅराकॅला (इ.स. १९८–२१७) आणि एलागॅबालस (इ.स. २१८–२२२). शेवटच्या दोघांनी पूर्वीच्या आदरणीय घराण्याशी नाते सांगण्यासाठी ते मुद्दाम धारण केले होते. आज रूढ असलेली ‘कॅराकॅला’ व ‘एलागॅबालस’ ही त्यांची टोपणनावे असून सम्राटाचे नाव म्हणून ती नाण्यांवर येत नाहीत.

समजा, एका दिनारियसवर ‘अँटोनायनस’, ‘पायस’ आणि ‘ऑग.’ हे तीन शब्द वाचता येतात. प्रथम त्यांचा क्रम पाहावा. ‘अँटोनायनस ऑग. पायस’ हा क्रम बहुधा अँटोनायनस पायसचा, तर ‘अँटोनायनस पायस ऑग.’ हा कॅराकॅला किंवा एलागॅबालस यांचा. नंतर मुखचित्र : पायस प्रौढ व दाट दाढीचा, कॅराकॅला आरंभी बालक आणि अखेरीस आखूड दाढीचा, कपाळाला आठ्या घातलेला, एलागॅबालस कोवळा तरुण. परंतु तरुण कॅराकॅला आणि एलागॅबालस यांच्यात केवळ चेहऱ्यावरून गल्लत होऊ शकते. तेथे अंक निर्णायक ठरतात. दोघेही चार वेळा कॉन्सुल होते. मात्र कॅराकॅला चौथ्यांदा कॉन्सुल झाला इ.स. २१३ मध्ये, तेव्हा त्याच्या ट्रिब्यून-अधिकारांचे सोळावे वर्ष चालू होते. एलागॅबालसची कारकीर्द अवघी चार वर्षांची असल्याने त्याचा हा अंक पाचापुढे जात नाही. शिवाय एलागॅबालसच्या नाण्यांवर मोकळ्या जागेत तारा आढळतो, आणि एमेसा येथील सूर्यदेवाचा पुरोहित म्हणून तो होम करताना दाखविला जातो. धातूची परीक्षा शेवटी पडताळा देते : पायसच्या नाण्यात चांदीचे प्रमाण उरलेल्या दोघांपेक्षा स्पष्टपणे अधिक असते.

शब्दक्रम, चेहरा, अंक, चित्र आणि कस हे पाच साक्षीदार एकाच दिशेने बोलले तर ओळख पक्की समजावी. एखादा विरुद्ध बोलत असेल तर त्याला गप्प न करता कारण शोधावे; बनावट नाणी पुष्कळदा अशाच विसंगतीतून उघडकीस येतात.

मुलामा, अनुकरण आणि आधुनिक बनावट

रोमन काळातही खोटी नाणी होती. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून पाडलेले दिनारियस नव्या अवस्थेत अस्सल वाटे. कालांतराने कडेला किंवा उंचवट्यावर पत्रा फाटून आतील तांबे दिसू लागते. अशा नाण्यांत एका सम्राटाचे मुख आणि दुसऱ्याच काळातील मागील बाजू असे मिश्रण आढळते. ती त्याज्य नव्हेत. तत्कालीन आर्थिक जीवनाचा तो पुरावाच आहे, फक्त त्यांची नोंद अचूक हवी.

आधुनिक बनावट नाणी बहुधा साच्यात ओतलेली असतात. कडेवर जोडाची रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांची सूक्ष्म छिद्रे आणि अक्षरांच्या बोथट कडा ही त्यांची लक्षणे. हातोड्याने पाडलेल्या अस्सल नाण्यात धातू मध्यापासून कडेकडे सरकल्याच्या सूक्ष्म रेषा दिसतात. दोन नाण्यांवर एकच ओरखडा किंवा तीच तुटलेली कड असेल, तर दोन्ही एकाच नमुन्यावरून ओतल्याचा संशय बळावतो.

महाराष्ट्रात आणखी एक गल्लत संभवते. नहपानाच्या रौप्य नाण्यांवर राजाचे मुख असून त्याभोवती ग्रीक अक्षरांचा लेख आहे. झिजलेले असे नाणे प्रथमदर्शनी रोमन वाटू शकते. परंतु त्याचे वजन दिनारियसपेक्षा बरेच कमी असते आणि मागील बाजूस बाण व वज्र या चिन्हांसह ब्राह्मी व खरोष्ठी लेख असतात. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे इ.स. १९०६ मध्ये मिळालेल्या सुमारे १३,२५० नाण्यांच्या प्रसिद्ध निधीत नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. तेर येथे तर रोमन नाण्यांवरून घडविलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत. त्या चलन नसून अलंकार म्हणून वापरल्या जात असाव्यात.

भारतातील दिनारियस : ओळखीनंतरचा प्रश्न

भारतात सापडलेल्या रोमन रौप्य नाण्यांत दोन प्रकारांचे प्राबल्य आहे. तमिळनाडूतील कोइम्बतूर परिसरातील बुदिनाथम आणि तेलंगणातील अक्कनपल्ले येथील निधींत तर प्रत्येकी एक हजारांहून अधिक दिनारियस होते. पहिला प्रकार ऑगस्टसचा. त्याच्या मागील बाजूस गायस व लुसियस हे त्याचे दत्तक पुत्र ढाली व भाले घेऊन उभे आहेत. दर्शनी लेखात ‘पाटेर पाट्रिए’ ही पदवी पूर्ण लिहिलेली आहे. ती ऑगस्टसला इ.स.पू. २ मध्ये मिळाली, म्हणून नाणे त्यापूर्वीचे असू शकत नाही. लुसियस इ.स. २ मध्ये आणि गायस इ.स. ४ मध्ये मरण पावला. त्यामुळे ही नाणी सामान्यतः इ.स. ४ पर्यंतची मानली जातात. मात्र त्यांचे उत्पादन पुढेही चालू राहिले असावे असे काही अभ्यासकांचे मत आहे.

दुसरा प्रकार टायबेरियसचा. मागील बाजूस राजदंड व डहाळी घेऊन बसलेली स्त्री आणि ‘पाँटिफ. मॅक्सिम.’ हा लेख. हे धर्माधिकारपद त्याला इ.स. १५ मध्ये मिळाले. येथे वर्षाचा अंकच नाही. हेच चित्र त्याच्या मृत्यूपर्यंत, इ.स. ३७ पर्यंत, चालू राहिले. आसनाच्या पायांची नक्षी, खालची रेघ अशा बारकाव्यांवरून त्याचे गट पाडता येतात. तरी एकेका नाण्याचे नेमके वर्ष सांगता येत नाही. बसलेली स्त्री म्हणजे टायबेरियसची आई लिव्हिया, हेही प्रचलित अनुमान आहे. नाण्यावर तिचे नाव नाही. दोन्ही प्रकारांची टांकसाळ लुग्डुनुम, म्हणजे आजच्या फ्रान्समधील लियाँ, ही मानली जाते.

हीच नाणी येथे का आढळतात? पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात बारिगाझा, म्हणजे भडोच, येथे रोमन सोन्याचांदीची नाणी आणली जात आणि स्थानिक चलनाच्या तुलनेत त्यांवर नफा मिळे, असे नमूद आहे. पैठण व तेर येथून माल भडोचला येई हेही त्यातच सांगितले आहे. प्लिनीने भारताच्या व्यापारापायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्शियस जात असल्याची तक्रार केली आहे. त्यानेच सिंहलद्वीपाच्या राजाची एक कथा दिली आहे. क्लॉडियसच्या काळात तेथे पोहोचलेल्या एका रोमन माणसाजवळील दिनारियस राजाने पाहिले. मुखे वेगवेगळ्या सम्राटांची, तरी वजन सर्वांचे सारखे, हे पाहून त्याला रोमनांच्या सचोटीचे कौतुक वाटले. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, भारतीय बाजारपेठेत नाण्याचे मोल त्याच्या धातूवर ठरत होते हे त्यातून सूचित होते. नीरोच्या सुधारणेनंतरचे हलके दिनारियस भारतात क्वचित आढळतात, त्याचे कारणही अभ्यासक येथेच शोधतात.

यातून कालनिर्णयाचा कळीचा मुद्दा पुढे येतो. व्यापारी जुनी, कसदार नाणी निवडून आणत असतील, तर टायबेरियसचे नाणे त्याच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनीही जहाजात चढले असेल. म्हणून असे नाणे ज्या थरात मिळाले तो थर ‘इ.स. १५ ते ३७ चा’ असे म्हणणे चूक, ‘इ.स. १५ नंतरचा’ एवढेच म्हणता येते. नाणे खालची मर्यादा देते, वरची देत नाही. वरची मर्यादा ठरविण्यासाठी झीज, सोबतची इतर नाणी, खापरे आणि थरांचा क्रम यांची साक्ष घ्यावी लागते.

नोंद आणि जतन

ओळखीसाठी आवश्यक असलेला पुरावा पुष्कळदा अज्ञानाने नष्ट होतो. सापडलेले नाणे चिंच, लिंबू किंवा राखेने घासून चमकविल्यास पृष्ठभागावरील मुलामा, छेद, नंतर मारलेले लहान ठसे आणि क्षरणाचे थर निघून जातात. भारतातील काही रोमन नाण्यांवर मुद्दाम दिलेले छेद व ठसे आहेत. येथील वापराचा तोच एकमेव पुरावा असतो. निधी वाटून घेतला की नाण्यांचे परस्परसंबंध कायमचे तुटतात. भारतीय निखात निधी कायदा, १८७८ नुसार दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याचा भूमिगत ठेवा सापडल्यास त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे.

नोंदीत वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे लेख जसेच्या तसे, चित्रांचे वर्णन, झीज आणि सापडल्याचे स्थान असावे. न दिसणारी अक्षरे चौकटी कंसात द्यावीत, म्हणजे प्रत्यक्ष वाचलेले आणि तर्काने भरलेले यांतील भेद कायम राहतो. त्यानंतरच तुलनेसाठी सूचिग्रंथ हाती घ्यावा. मॅटिंग्ली व सिडनहॅम यांनी इ.स. १९२३ मध्ये आरंभिलेली ‘रोमन इम्पीरिअल कॉइनेज’ ही ग्रंथमाला यासाठी प्रमाण मानली जाते. आधी सूची पाहून मग नाणे वाचल्यास डोळ्यांना अपेक्षित तेच दिसू लागते.

निष्कर्ष

रोमन रौप्य नाण्याची ओळख ही एका लक्षणावर उभी राहत नाही. मुकुट प्रकार सुचवितो, लेख सम्राट व काळ सांगतो, मुखचित्र त्यास दुजोरा देते, मागील चित्र प्रसंग उलगडते आणि वजन व कस या सर्वांची परीक्षा घेतात. यांतील लेखावरील पदव्या व अंक यांना सर्वाधिक महत्त्व द्यावे लागते, कारण चेहरा आदर्शीकृत असू शकतो आणि आयुधे सामाईक असू शकतात. तथापि पूर्णतः ओळखलेले नाणेही आपण केव्हा पाडले गेलो एवढेच सांगते. केव्हा पुरले गेलो हे सांगत नाही. भारतातील रोमन नाण्यांच्या आधारे सातवाहनकालीन व्यापाराची कालगणना मांडताना हा भेद दृष्टीआड झाल्यास अचूक ओळखीवरही चुकीचा इतिहास उभा राहू शकतो. म्हणून जे वाचले, जे तर्काने भरले आणि जे अनिर्णित राहिले ते वेगवेगळे नोंदविणे हीच नाणकशास्त्रीय अभ्यासाची पहिली शिस्त ठरते.